खूण आणि आज्ञा : एचटीएमएल ही प्रोग्रॅमिंगची भाषा होय काय?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, वसतिगृह, विवाहातील काटकसर अशा विषयांवर अनेक अधिकारी व्यक्तींनी आपले विचार मांडले आहेत. त्यांच्या मालिकेत संगणकाच्या भाषांविषयीचा एक प्रश्न घेऊन आम्ही उभे राहिलो आहोत, हे पाहून काही वडीलधाऱ्या मंडळींस नवल वाटेल. आमचे शिक्षण मॅट्रिक आणि त्यापुढे अध्यापनाची पदविका इतकेच. हयात गेली ती प्राथमिक शाळेत पाढे व व्याकरण शिकविण्यात. तेव्हा संगणकशास्त्रातील पंडिताचा आव आम्ही आणीत नाही. परंतु आजचा प्रश्न मुळात शब्दांच्या अर्थाचा आहे, आणि शब्दाचा अर्थ नीट लावून देणे हे शिक्षकाचे जन्माचे काम असल्यामुळे, त्यावर चार शब्द बोलण्याची मुभा आपण आम्हांस द्याल अशी उमेद आहे.

प्रश्न असा : इंटरनेटवरील पाने ज्या एचटीएमएल या भाषेत लिहिली जातात ती भाषा, आणि तिच्यासारख्या इतर 'मार्कअप' भाषा, यांस प्रोग्रॅमिंगच्या भाषा म्हणावे की म्हणू नये? संगणकाच्या व्यवसायातील लोकांत हा वाद फार दिवसांचा आहे आणि तेथे तो पुष्कळदा चेष्टेच्या सुरात चालतो. आपल्या घरांत मात्र त्याने चेष्टेहून अधिक काही केले आहे. त्याची दोन उदाहरणे प्रथम सांगतो.

आमच्या एका पुतण्याने बारावीनंतर शहरातील एका खासगी वर्गात नाव घातले. 'तीन महिन्यांत प्रोग्रॅमर व्हा' अशी त्या वर्गाची जाहिरात होती. फी भरण्यासाठी घरातील एक दागिना गहाण पडला. तीन महिने त्यास एचटीएमएल, आणि पानाचे रंगरूप ठरविणारी तिची जोडीदार सीएसएस, या दोन भाषा शिकविण्यात आल्या आणि त्याने त्या मन लावून आत्मसात केल्या. पुढे एका मुलाखतीत त्यास दिलेल्या संख्यांतून सर्वांत मोठी संख्या शोधून काढणारी साधी आज्ञावली लिहावयास सांगितली, तेव्हा त्याच्यापुढील कागद कोराच राहिला. मुलगा मंद नव्हता आणि शिकविलेली विद्याही खोटी नव्हती. त्या विद्येस दिलेले नाव तेवढे खोटे होते.

दुसरे उदाहरण आपल्या मंडळातीलच आहे. गेल्या वर्षी 'संगणक प्रोग्रॅमिंग' या विषयाच्या पारितोषिकासाठी जे विद्यार्थी पुढे आले, त्यांत अकरावीतील एक मुलगी होती. तिने आपल्या गावच्या वाचनालयातील ग्रंथांची सूची इंटरनेटच्या पानांवर मोठ्या निगुतीने मांडली होती. तिचे काम परत आले, त्यावर शेरा होता : 'हे प्रोग्रॅमिंग नव्हे, केवळ सजावट आहे.' पारितोषिक ज्या मुलास मिळाले त्याने कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब करणारी आज्ञावली लिहिली होती. त्याची निवड योग्यच होती आणि तीविषयी आमची काही तक्रार नाही. तथापि त्या शेऱ्याचा पूर्वार्ध खरा असून उत्तरार्ध साफ खोटा आहे, असे आमचे मत आहे. ते मत कशाच्या आधारावर उभे आहे, हे सांगणे हाच आजच्या भाषणाचा हेतू होय.

प्रथम 'मार्कअप' हा शब्द पाहू. तो संगणकाच्या जन्माच्या आधीचा, छापखान्यातील आहे. आपली स्मरणिका पूर्वी खिळ्यांवर छापली जात असे, तेव्हाचा काळ ज्यांस आठवतो त्यांस हे सहज ध्यानात येईल. हस्तलिखित छापखान्यात जाण्यापूर्वी संपादक त्याच्या समासात खुणा करीत : हे शीर्षक, मोठ्या टाइपात घ्यावे; येथे नवा परिच्छेद; हा शब्द ठळक. खिळे जुळविणारा त्या खुणा पाहून काम करी, आणि छापलेल्या पानावर त्या खुणा कोठेही दिसत नसत. मजकूर लेखकाचा आणि खूण मजकुराविषयीची. या खुणा करण्यास इंग्रजीत मार्कअप म्हणत. आम्ही यापुढे अशा भाषांस 'खूणभाषा' म्हणू.

आपल्या मराठीस हा प्रकार अपरिचित नाही. मोडी लिपीत दप्तरे लिहिली जात तेव्हा शब्द तोडून लिहिण्याची चाल नव्हती, आणि स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह इत्यादी चिन्हेही नव्हती. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठी गद्यात रूढ करण्यासाठी श्रम घेतले. विरामचिन्ह वाक्यात एकही नवा शब्द घालीत नाही. परंतु कोणता शब्द कोणाशी बांधलेला आहे आणि विचार कोठे थांबतो, हे ते वाचकास सांगते. खूणभाषा हे त्याच जातीचे, पण अधिक विस्ताराचे साधन आहे.

एचटीएमएलमध्ये मजकुराच्या प्रत्येक भागाच्या आधी कोनी कंसात एक खूण येते आणि तो भाग संपला की बहुतेक वेळा तिची समाप्तीची खूण येते. हे मुख्य शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा यादीतील एक घटक, हे चित्र, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, अशा या खुणा असतात. एका खुणेच्या पोटात दुसरी येऊ शकते. पण जी आत उघडली ती आतच मिटावी, असा नियम आहे. म्हणजे या भाषेस व्याकरण आहे आणि त्या व्याकरणात शुद्ध-अशुद्धही आहे. तेव्हा तिच्या नावातील 'भाषा' हा शब्द यथार्थच आहे. वाद आहे तो 'प्रोग्रॅमिंग' या शब्दापुरता.

आता प्रोग्रॅम म्हणजे काय, ते पाहू. आपल्या भगिनीवर्गास हे आमच्यापेक्षा अधिक चांगले समजेल, कारण पुरणपोळीची कृती हा एक प्रोग्रॅमच आहे. डाळ शिजवावी, कट काढून घ्यावा, गूळ घालावा : हा झाला क्रम. डाळ बोटचेपी झाली नसेल तर आणखी शिजवावी, झाली असेल तर उतरवावी : ही झाली निवड. पुरणात उलथने उभे राहीपर्यंत ते परतत राहावे : ही झाली आवृत्ती, म्हणजे एकच क्रिया अट पुरी होईपर्यंत पुनःपुन्हा करणे. क्रम, निवड आणि आवृत्ती या तीन गोष्टी हाती असल्या म्हणजे कोणतीही आज्ञावली त्यांतून मांडता येते, असे कोराडो बोम आणि जुझेप्पे जाकोपिनी या दोन इटालियन विद्वानांनी १९६६ मध्ये सिद्ध करून दाखविले. त्याच्याही आधी, १९३६ मध्ये, ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने एका काल्पनिक यंत्राच्या साह्याने गणनक्रियेची व्याख्या केली होती. त्या यंत्रास जे जे गणन करता येईल ते ते जीत मांडता येते, त्या भाषेस शास्त्रात 'ट्युरिंग-पूर्ण' म्हणतात. प्रोग्रॅमिंगच्या ज्या भाषा सर्वसामान्यपणे वापरात आहेत, त्या या कसोटीस उतरतात.

आता त्याच स्वयंपाकघरातील फळीकडे पाहा. तेथे डबे मांडलेले आहेत आणि प्रत्येकावर चिठ्ठी आहे : गोडा मसाला, मेतकूट, तुरीची डाळ. चिठ्ठी कोणास काही करावयास सांगत नाही. आत काय आहे एवढेच ती सांगते. ती वाचून काय करावयाचे ते करणारी गृहिणी ठरविते. एचटीएमएलची खूण ही अशी चिठ्ठी आहे आणि ब्राउझर ही ती वाचणारी गृहिणी आहे. शीर्षकाची अक्षरे मोठी करून दाखविण्याचे काम ब्राउझर करतो, आणि तो ब्राउझर मात्र प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेला असतो.

शिक्षकाच्या सवयीने आम्ही याची एक परीक्षा योजली आहे, ती आपणही घरी घेऊन पाहावी. सतराचा पाढा पानावर आणावयाचा आहे. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आपण सांगतो : एकापासून दहापर्यंत एकेक अंक घे, त्यास सतराने गुण आणि गुणाकार लिही. तीन-चार ओळींत काम होते; आणि सतराच्या जागी एकोणतीस लिहिले की तीच आज्ञावली एकोणतिसाचा पाढा देते. एचटीएमएलमध्ये पाढ्याचे कोष्टक फार सुबक काढता येते. परंतु त्यात सतरा, चौतीस, एक्कावन्न हे आकडे आपणच मोजून आपल्या हाताने भरावे लागतात. सतरा चोक एकोणसत्तर असे आपण चुकून लिहिले तर ती मुकाट्याने एकोणसत्तर दाखविते. तिला गुणाकार येत नाही, बेरीज येत नाही, 'जर-तर' येत नाही आणि 'पुन्हा कर' येत नाही. यावरून निर्णय स्पष्ट होतो की, एचटीएमएल ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्हे.

या निर्णयावर काही आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार केल्यावाचून पुढे जाणे न्यायाचे होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, इंटरनेटवरील पाने आज हिशेब करतात, तिकिटे काढतात, खेळही खेळतात. हे खरे, परंतु पान संगणकावर जी करणी करते, ती बहुधा जावास्क्रिप्ट या निराळ्या भाषेची असते. ती ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या कंपनीत १९९५ मध्ये रचली, आणि ती निःसंशय प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. एकाच पानात दोन भाषा शेजारी नांदतात, म्हणून एकीचे गुण दुसरीस चिकटत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की, अर्जातील एखादा रकाना रिकामा ठेवल्यास एचटीएमएल स्वतःच हरकत घेते. येथेही बारकाईने पाहिले असता दिसते की, 'हा रकाना आवश्यक आहे' एवढी चिठ्ठी पानात असते. तपासणी करून हरकत घेणारा ब्राउझर असतो. एचटीएमएल व सीएसएस यांची जोडी घेऊन, त्यांतून गणनयंत्राचा आभास निर्माण करण्याची करामतही हुशार लोकांनी करून दाखविली आहे. परंतु तीत माणसाने चौकटींवर एकामागून एक टिचकी देत राहावे लागते. म्हणजे 'पुन्हा कर' हे सामर्थ्य माणसाच्या बोटाकडून उसने घेतलेले असते.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. खूणभाषा आणि प्रोग्रॅमिंगची भाषा यांच्यामध्ये खरोखर भिंत आहे काय? तशी ती सरसकट नाही, हे आम्ही मान्य करतो. डोनाल्ड नूथ या अमेरिकन विद्वानांस आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून असमाधान वाटले, आणि त्यांनी १९७७ मध्ये 'टेक' नावाची अक्षरजुळणीची व्यवस्था रचावयास घेतली. गणिताचे असंख्य ग्रंथ व लेख आजही तिच्यावर जुळविले जातात. ती मजकुरात खुणा घालण्याची भाषा आहे, आणि तरीही तीत निवड व आवृत्ती करता येते. तसेच १९९९ मध्ये प्रमाणित झालेली एक्सएसएलटी नावाची भाषा दिसावयास हुबेहूब खूणभाषा, तेच कोनी कंस, तीच उघडमीट. परंतु तीत पूर्ण गणन करता येते. तात्पर्य, कंसांचे रूप पाहून भाषेचा वर्ग ठरत नाही. तीत काय सांगता येते, यावर तो ठरतो. सर्वच खूणभाषा प्रोग्रॅमिंगच्या बाहेर आहेत असे आमचे म्हणणे नाही. एचटीएमएल मात्र बाहेर आहे, आणि आपल्या मुलांची गाठ प्रथम पडते ती तिच्याशीच.

येथपर्यंत शेऱ्याचा पूर्वार्ध झाला. 'केवळ सजावट' हा उत्तरार्ध आता तपासू, कारण खरा अन्याय त्यात आहे.

छापखान्यातील जुन्या खुणा या पुष्कळ अंशी आज्ञाच होत्या : इतक्या मापाचा टाइप घे, एक ओळ मोकळी सोड. संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली तेव्हा प्रारंभी हीच रीत चालली. मग १९६९ मध्ये आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या तिघांनी वेगळी वाट धरली. गोल्डफार्ब हे मूळचे वकील, आणि काम होते कायद्याच्या कार्यालयातील कागदपत्रे निरनिराळ्या संगणकव्यवस्थांमधून नेण्याआणण्याचे. एका व्यवस्थेची आज्ञा दुसरीस समजेना. तेव्हा 'अक्षर मोठे कर' असे सांगण्याऐवजी 'हे शीर्षक आहे' असे सांगावे आणि मोठे करावयाचे की रंगीत, हे ज्याने त्याने आपल्या ठिकाणी ठरवावे, असा मार्ग त्यांनी काढला. त्या भाषेस त्यांनी जीएमएल हे नाव दिले. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे त्यात आहेत. तिच्यातूनच पुढे एसजीएमएल निघाली आणि १९८६ मध्ये ती आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरली.

या इतिहासातील मर्म आपण ध्यानात घ्यावे. खूणभाषेस आज्ञा देता येत नाही ती अंगच्या दुबळेपणामुळे, असा समज आहे. वस्तुस्थिती अशी की, आज्ञा देणे तिने जाणूनबुजून सोडले, आणि तेथूनच तिचे खरे सामर्थ्य सुरू झाले.

जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये माहितीच्या जाळ्याची योजना मांडली, आणि १९९१ मध्ये एचटीएमएलच्या खुणांचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. खुणा अवघ्या वीसेक होत्या आणि त्यांतील बऱ्याच एसजीएमएलच्या वळणाच्या होत्या. सर्नमध्ये नाना देशांचे शास्त्रज्ञ नाना जातींची यंत्रे घेऊन बसलेले. कोणते पान कोणत्या यंत्रावर उघडेल याचा नेम नव्हता. अशा ठिकाणी आज्ञा करणारी भाषा अडखळली असती. वर्णन करणारी चालली. १९९३ मध्ये सर्नने ही विद्या जगास विनामूल्य खुली केली. त्या काळचे आद्य पान २०१३ मध्ये सर्नने मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवले, आणि ते आजच्या खिशातील फोनवरही वाचता येते. ते लिहिले गेले तेव्हा असा फोन कोणाच्या स्वप्नातही नव्हता. त्या काळी लिहिलेल्या किती आज्ञावली आजच्या यंत्रावर जशाच्या तशा चालतील, याचा ज्याने त्याने विचार करावा.

याच अनुभवावरून पुढे, २००६ मध्ये, इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या तांत्रिक मंडळाने एक तत्त्व लिहून ठेवले. त्याचा मथितार्थ असा की, काम भागत असेल तर कमीत कमी सामर्थ्याची भाषा निवडावी. कारण जी भाषा कमी करते तिच्यातील माहिती इतरांस अधिक प्रकारांनी वापरता येते. त्या लेखावर बर्नर्स-ली यांचेही नाव आहे.

हे तत्त्व कागदावरचे नव्हे, त्यावर माणसांचे वाचन अवलंबून आहे. आपल्या समाजात दृष्टिहीन बंधुभगिनी आहेत. ते संगणकावरील मजकूर स्क्रीन रीडर या साधनाने ऐकतात. डोळस माणूस पानावर नजर फिरवून हवे ते शीर्षक शोधतो. दृष्टिहीन वाचक एक कळ दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर जातो. परंतु ते शीर्षक आहे अशी खूण लेखकाने केली असेल, तरच हे साधते. नुसती अक्षरे मोठी व ठळक केली, तर डोळ्यांस दोन्ही पाने सारखीच दिसतात; आणि कानांस मात्र एक पान अनुक्रमणिका असलेल्या ग्रंथासारखे, तर दुसरे सुट्या पानांच्या गठ्ठ्यासारखे भासते. चित्रास शब्दांत वर्णन जोडण्याची सोय एचटीएमएलमध्ये आहे. ते जोडले नाही तर दृष्टिहीन वाचकापुरते ते चित्र पानावर नसल्यासारखेच होते. आपल्या देशाच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानेही २०१६ मध्ये माहितीची इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांस वापरता येण्याजोगी असावीत, अशी जबाबदारी घातली आहे. ती जबाबदारी इंटरनेटच्या पानांपुरती पार पडण्याचा प्रारंभ योग्य खुणांनी होतो.

आपल्या मराठीपुरतेही पाहा. पान मराठीत आहे हे सांगणारी 'एमआर' ही दोन अक्षरांची खूण एचटीएमएलमध्ये घालता येते. मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच. त्यामुळे ही खूण नसली तर वाचून दाखविणारे यंत्र मराठी मजकूर हिंदीच्या उच्चाराने वाचू लागण्याचा संभव असतो. मराठी वळणाचे ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाहून निराळी आहेत. ज्या संगणकीय टंकांत दोन्ही वळणांची सोय केलेली असते, तेथे ही खूण पाहून मराठी वळण निवडले जाते. दोन अक्षरांची चिठ्ठी, पण आपल्या भाषेची ओळख तीवर टिकते. यास 'केवळ सजावट' म्हणणे म्हणजे घराच्या दारावरील नावाच्या पाटीस रंगकाम म्हणण्यासारखे आहे.

ज्या मुलीचे काम परत आले, तिची पाने आम्ही स्वतः पाहिली. प्रत्येक विभागास शीर्षकाची योग्य खूण होती, ग्रंथांच्या याद्या याद्या म्हणूनच मांडल्या होत्या, चित्रांस वर्णने होती आणि पान मराठीत असल्याची नोंद होती. तिने प्रोग्रॅम लिहिला नव्हता हे खरे. पण जे लिहिले ते शुद्ध होते. त्या शेऱ्यात वर्गीकरणाचा निर्णय बरोबर होता, आणि त्यास जोडून दर्जाचा निवाडा विनाकारण दिलेला होता.

आमच्या मते सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे. 'प्रोग्रॅमिंग' हा शब्द कामाचे वर्णन न राहता प्रतिष्ठेचा शब्द झाला आहे. त्यामुळे वर्ग चालविणारे तो शब्द जाहिरातीत भरतात आणि गरीब पालक फसतात. उलटपक्षी, ज्यांस तो लागू नाही त्यांस परीक्षक हलके लेखतात आणि गुणी मुले खचतात. वरवर पाहता या चुका परस्परविरुद्ध दिसतात, पण त्या एकाच पोटातून आल्या आहेत. एखादे काम कोणत्या नावाचे आहे यावरून ते उच्च की नीच हे ठरविण्याची खोड आपल्या समाजाने किती पिढ्या सोसली आहे, हे या सभेस सांगावयास नको. ती खोड आपण संगणकाच्या खोलीत पुन्हा नेऊ नये. जगभरच्या संगणक-व्यावसायिकांची स्टॅक ओव्हरफ्लो या नावाची जी पाहणी वर्षोवर्ष प्रसिद्ध होत आली, तीतही 'प्रोग्रॅमिंग, स्क्रिप्टिंग आणि मार्कअप भाषा' अशी तीन नावे एकाच मथळ्याखाली शेजारी ठेवलेली आढळतात. नावे निराळी आणि पंक्ती एक, हा मार्ग आम्हांस शहाणपणाचा वाटतो.

यास अनुसरून आम्ही तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पालकांस आमची विनंती अशी की, संगणकाच्या कोणत्याही वर्गाची फी भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : या अभ्यासक्रमाच्या शेवटी माझ्या मुलास कोणत्याही संख्येचा पाढा काढणारी आज्ञावली स्वतः लिहिता येईल काय? उत्तर 'नाही' असेल, तर तो अभ्यासक्रम वाईट ठरत नाही. पण तो प्रोग्रॅमिंगचा नव्हे, आणि फी त्या मानानेच द्यावी.

विद्यार्थ्यांस आम्ही सांगू की, एचटीएमएल अवश्य शिकावी आणि तेथेच थांबू नये. खुणा करावयास शिकलेल्याने पुढे जावास्क्रिप्ट किंवा पायथन यांसारखी आज्ञेची भाषा घ्यावी, म्हणजे क्रम, निवड आणि आवृत्ती हाती येतील. तसेच ज्यास प्रोग्रॅम लिहिता येतो त्याने खुणा करणे हे आपल्यास कमीपणाचे मानू नये. शीर्षकाचे शीर्षक आणि यादीची यादी म्हणून नीट नोंद न करणारे पुष्कळ प्रोग्रॅमर आहेत, आणि त्यांच्या निष्काळजीपणाची झळ दृष्टिहीन वाचकांस लागते.

तिसरी सूचना कार्यकारी मंडळास आहे. प्रोग्रॅमिंगचे पारितोषिक आहे तसेच, त्याच कसोटीने द्यावे. त्यात एचटीएमएलचे काम घुसडू नये. त्याच्या शेजारी 'संगणकीय पृष्ठलेखन' या नावाचे दुसरे पारितोषिक, तितक्याच रकमेचे, सुरू करावे. त्याची परीक्षा करताना पान किती रंगीत आहे हे न पाहता, खुणा शुद्ध आहेत काय, चित्रांस वर्णने आहेत काय आणि डोळे मिटून केवळ ऐकत गेले असता पान समजते काय, हे पाहावे.

शेवटी एक प्रत्यक्ष काम. आपल्या मंडळाची कुटुंबसूची पुढील वर्षी इंटरनेटवर ठेवण्याचा विचार चालू आहे. त्या सूचीत नाव कोणते, गाव कोणते, शिक्षण कोणते, हे प्रत्येक नोंदीत खुणेने स्पष्ट करावे लागेल. ते खूणभाषेचे काम. कोणत्या गावी किती कुटुंबे आहेत हे मोजणे, आणि हवे ते नाव शोधून देणे, हे आज्ञावलीचे काम. खुणा चुकल्या तर मोजणी चुकेल, आणि मोजणारा नसला तर खुणा निजून राहतील. या कामासाठी दोन्ही प्रकारची मुले-मुली हवी आहेत. ज्यांची तयारी असेल त्यांनी आपली नावे आज सायंकाळपर्यंत चिटणीसांकडे द्यावीत, आणि नावापुढे आपल्यास काय येते ते त्याच्या खऱ्या नावाने लिहावे.